लोखंडी दातांचा मासा

श्रावस्तीने खालच्या मजल्यावरच्या घरमालकाचं दार ढकललं आणि हातातली डब्याची पिशवी उंबऱ्यातच टाकली. गालिच्यावर तिची दहा महिन्यांची मुलगी मैत्री उघडीनागडी पडली होती, आणि तैसिया म्हातारी गुडघ्यांवर ओणवी होऊन तिच्या पोटाला तोंड लावून बसली होती. बेंबीवर पांढरा हातरुमाल, रुमाल म्हातारीच्या दातांत. दात हळूहळू हलत होते आणि दातांच्या फटीतून काहीतरी पुटपुटणं चालू होतं.

"ओ! स्टॉप! क्या कर रहे हो?"

म्हातारीने मान वर केली नाही. डावा हात तेवढा उचलून एक बोट दाखवलं. सरकारी खिडकीमागचा बाबू फाईलमधून डोकं न काढता दाखवतो, तसं. थांब. पुटपुटणं संपलं, मग तिने डाव्या खांद्यावरून तीनदा कोरडंच थुंकल्यासारखं केलं, रुमालाची घडी घातली आणि श्रावस्तीकडे बघून हसली. मैत्रीही हसत होती. श्रावस्तीला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

तिने पोरीला उचललं, पोटाचा वास घेतला आणि ओल्या वाइप्सनी बेंबी पुसायला घेतली. एक, दोन, पाच वाइप्स.

आवाज ऐकून आतून लारिसा धावत आली. तैसियाची ही मुलगी बहरीनमध्ये रिफा शहरातल्या एका सलूनमध्ये अकरा वर्षं केस कापत होती. हिंदी तिथेच शिकली, केरळच्या आणि नेपाळच्या पोरींकडून, त्यामुळे तिच्या हिंदीत बाया पुरुषासारख्या चालायच्या.

"सिस्टर, प्लीज. गुस्सा मत करो. मम्मा गाँव का औरत है. पुराना दिमाग. बच्चा का पेट में वो हर्निया है ना, उसको काटता है. झूठमूठ, दाँत से. मंतर बोलता है."

"मंतर?"

"मंतर. उधर गाँव में सब बुड्ढी लोग करता है. मेरे को शरम आता है." मग लारिसाने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "खिजर को मत बोलना. मम्मा आने से पहले वो साफ बोला था, घर में जादू-टोना का एक बात भी सुना, तो मम्मा वापस. खलास. इधर ऐसा बात पर पुलिस आता है. और उधर कौन है मम्मा का? गाँव में चार बुड्ढी बचा है. सर्दी में लकड़ी कौन काटेगा उसका?"

तैसियाला कळत काहीच नव्हतं. ती मैत्रीची चड्डी उलटी-सुलटी करून बघत होती.

"नहीं बोलूँगी," श्रावस्ती म्हणाली. "लेकिन दुबारा नहीं होना चाहिए."

जिना चढताना तिला स्वतःच्याच मोठेपणाचं बरं वाटलं.

बहरीनच्या मुहर्रक शहरातलं हे घर खिजरच्या वडिलांचं. खिजर विमानतळावर सामानाच्या पट्ट्यांवर देखरेख करायचा, खाली बायको लारिसा, मुलगी अरीबा आणि रशियातल्या खेड्यातून आलेली ही सासू. वरचं दोन खोल्यांचं घर श्रावस्ती आणि प्रबुद्ध मेश्रामला भाड्याने दिलेलं. प्रबुद्ध मीना सलमान बंदराच्या वर्कशॉपमध्ये क्रेनचा इलेक्ट्रिशियन. श्रावस्ती सकाळी आठ ते दोन कार्गोच्या कागदपत्रांच्या ऑफिसात. नर्सरीत जागा मिळेना, तेव्हा लारिसानेच सुचवलं होतं, मम्मा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, बच्चा उसको दे दो. तसं चार महिन्यांपासून मैत्री खाली राहत होती आणि म्हातारीच्या अंगाखांद्यावर चांगली गुटगुटीत झाली होती. म्हातारीला रव्याची पेज उत्तम जमायची, हे श्रावस्तीलाही कबूल होतं. पेजेत मंत्र नव्हता म्हणून.

मैत्रीची बेंबी जन्मापासून फुगलेली. रडली की लिंबाएवढी वर यायची. हेल्थ सेंटरच्या डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, लहान मुलांत हे बहुतेक वेळा आपोआप मिटतं, घाई करू नका. मात्र कडक झाली, रंग बदलला किंवा मूल उलट्या करायला लागलं तर तडक घेऊन या. श्रावस्तीने पहिलं वाक्य ऐकलं आणि विसरली. दुसरं वाक्य तिच्या छातीत रुतून बसलं. रोज संध्याकाळी ती बेंबीशेजारी अरीबाकडून मागून आणलेली मोजपट्टी धरून फोटो काढायची. फोनमध्ये त्यांचा वेगळा फोल्डर होता. एकशे ब्याण्णव बेंब्या.

"बुढी चावली त नाही ना?" प्रबुद्धने जेवताना विचारलं.

"रुमाल चावला."

"मंग रुमालाले इंजेक्शन दे."

"तुले सगळं मजाकच वाटते, प्रबुद्ध. पोरीच्या पोटाले तोंड लावून बसली होती ते! मी यमेस्सी मायक्रोबायोलॉजी आहो. तोंडात किती जंतू असतात, सांगू का?"

"नोको सांगू. मी जेवून रायलो."

तेवढ्यात पवनीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. राधाबाईंना नातीच्या बेंबीशिवाय दुसरा विषय नव्हता. "नाणं ठेवून पट्टी बांध वो बाई. प्रबुद्धलेबी बांधलं होतं मी."

"आई, त्यानं काही होत नसते. उलट चामडी सडते."

"याची कुठी सडली?"

प्रबुद्धने शर्ट वर करून कॅमेऱ्याला बेंबी दाखवली. मायलेक खो खो हसले. श्रावस्तीला आपल्या भोवतालची सगळी माणसं त्या क्षणी सारखीच अडाणी वाटली. काही लुगड्यातली, काही जीन्समधली, एक डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली.

तिचा तिरस्कार काही वरवरचा नव्हता. तिच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात गुंडाळून वैनगंगेत सोडले होते, आणि ते का सोडले, हे तिला पाळण्यात असल्यापासून ऐकवलं गेलं होतं. तिच्या वडिलांची एक धाकटी बहीण नऊ महिन्यांची असताना तापाने फणफणली. भगताने तीन दिवस अंगारा लावला. चौथ्या दिवशी दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, तोवर लुगड्यात गुंडाळलेली पोर गेली होती. त्या आत्याला नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. तेव्हापासून त्या घरात मंत्र, गंडा, दृष्ट हे शब्द शिव्यांसारखे वापरले जायचे. श्रावस्ती तशी वाढली. सासरी नवीन असताना कुणी मिरच्या ओवाळल्या तर ती त्या मिरच्या उचलून भाजीत टाकायची.

आणि आता गोरी बाई! हे तिला विशेष रुचलं. गोरी कातडी, निळे डोळे, आणि डोक्यात तोच भगत. तिला वाटलं, याचं काहीतरी करायला हवं.

ती संधी बौद्ध मंडळाच्या अनिरुद्ध सरांनी दिली. सर एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते आणि बोलतानाही हेल्मेट घातल्यासारखे बोलायचे. येत्या शुक्रवारी 'अंधश्रद्धा आणि आपण' असा कार्यक्रम होता. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. वीस मिनिटं घ्या. पण तेच ते नको हं, लिंबू-मिरची अन् काळी मांजर. लोक झोपतात."

"सर, माझ्याकडे रशियन आहे," श्रावस्ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतल्यावर ती मैत्रीला घेऊन लगेच वर गेली नाही. लारिसाची सुट्टी होती. श्रावस्तीने स्वतः चहा केला, खाली नेला आणि गोड आवाजात विचारलं, त्या मंत्रात असतं तरी काय?

लारिसाने कपाळाला हात लावला. पण म्हातारीचे कान टवकारले. विषय तिला कळला होता. ती सांगू लागली, आणि लारिसा शेजारी बसून, शेजारच्या दुकानातला सडका माल दाखवावा तशा चेहऱ्याने, एकेक वाक्य हिंदीत टाकू लागली.

"बोलता है, समुंदर है. समुंदर में जज़ीरा है, टापू. जज़ीरा पर सफेद पत्थर है, बहुत भारी. पत्थर का नीचे मछली है. लंबा मुँह. उसका दाँत लोहा का है." लारिसा थांबली. "सिस्टर, सच में सुनना है?"

"हाँ, हाँ. बोलो."

"मछली को बोलता है, तू आ, इस बच्ची का हर्निया खा जा. फिर बोलता है, चाबी समुंदर में, ताला आसमान में. मतलब, मेरा बात कोई खोल नहीं सकता. बस. बकवास."

"मछली क्यों?"

लारिसाने विचारलं. तैसियाने श्रावस्तीकडे 'एवढंही कळत नाही' अशा नजरेने पाहिलं आणि स्वतःच्या दातांवर टकटक केलं. दात होते ते थोडेच, पण भक्कम आणि पिवळे.

"मम्मा का दाँत तो बुड्ढी का दाँत है. उससे क्या होगा. इसलिए मछली का दाँत उधार लेता है. और जिसका दाँत गिर गया, वो मंतर बोल नहीं सकता. रूल है."

"और पत्थर?"

"पत्थर हिलता नहीं, इसलिए."

"और समुंदर?"

यावर म्हातारी बराच वेळ बोलली. हाताने खिडकीबाहेर दाखवत राहिली. तिथून समुद्र दिसत नव्हता, समोरच्या घराच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. लारिसाने आधी सांगायचंच टाळलं, मग सांगितलं. "बोलता है, बीमारी को 'जा' बोलना बस नहीं. किधर जाएगा? पड़ोसी का बच्चा में जाएगा. उसको जगह देना पड़ता है. बोलना पड़ता है, समुंदर में जा, दलदल में जा, सूखा पेड़ में जा, जिधर कोई आदमी नहीं." मग ती हसली. "मम्मा का गाँव में जंगल है, सिस्टर. पूरा उमर समुंदर समुंदर बोला, देखा नहीं. इधर आया तो पहला दिन खिजर को बोला, समुंदर दिखाओ. खिजर ले गया. मम्मा एक घंटा पत्थर ढूँढा."

"मिला?"

"उधर कंस्ट्रक्शन का पत्थर था. मम्मा बोला, ये नहीं है."

दोघी हसल्या. तैसियाही त्यांच्या हसण्यात हसली, कशाला ते न कळून. श्रावस्तीने टेबलाखाली फोनवर चार शब्द टिपून घेतले: मासा, दगड, चावी, पत्ता. भाषणाचे मुद्दे तयार झाले होते. आता प्रात्यक्षिक हवं होतं.

ती लारिसाला म्हणाली, "मम्मा को बोलो, एक बार मेरे सामने करे. मेरी सास भी बोल रही है कुछ करो, कुछ करो. उसका मन रखने के लिए."

सासूचं नाव घेऊन खोटं बोलताना तिला काही वाटलं नाही. सासवांचा तेवढा उपयोग असतो.

लारिसा संशयाने बघत राहिली. "तू तो मना किया था?"

"डॉक्टर तो बोलता है अपने आप ठीक होगा. तो नुकसान क्या है."

लारिसाने आईला सांगितलं. तैसिया उठून उभी राहिली. तिने श्रावस्तीचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी विचारलं, अगदी हळू, परत एकदा विचारलं. लारिसा कंटाळून म्हणाली, "पूछता है, तू दिल से बोलता है क्या?"

"हाँ. दिल से."

बुधवारी संध्याकाळी, सूर्य बुडायच्या बेताला, कारण वेळ म्हणे हीच लागते. लारिसा सलूनवर, खिजर ड्यूटीवर. गावाकडे हा प्रकार न्हाणीघरातल्या वाफेत करतात म्हणून म्हातारीने आधी मैत्रीला आंघोळ घातली. जूनचा महिना, गच्चीवरच्या टाकीमुळे थंड नळालाच कढत पाणी येत होतं. ते तिने बादलीत निववून घेतलं. मग पोरीला गालिच्यावर निजवलं. श्रावस्तीने दुधाच्या पावडरीच्या डब्याला फोन टेकवून ठेवला. तैसियाने तो पाहिला आणि त्याच्याकडे बघून आदबीने मान लववली. तिला वाटलं असावं, पलीकडे सासू आहे.

या वेळी आईचंही काम होतं. आईने तीनदा विचारायचं आणि चावणारीने तीनदा उत्तर द्यायचं. म्हातारीने ते शब्द श्रावस्तीकडून घोटून घेतले. एक अक्षर चुकलं तरी बोट वर. पुन्हा. नर्सरीतल्या पोरासारखी श्रावस्ती पुन्हा म्हणायची आणि मनात हसायची.

"काय कुरतडतेस?" श्रावस्तीने त्या परक्या भाषेत विचारलं.

"अंतर्गळ कुरतडते," दातांत रुमाल धरून म्हातारी म्हणाली.

"कुरतड, साफ कुरतड, पुन्हा येऊ देऊ नकोस," श्रावस्ती म्हणाली.

तीनदा. तिसऱ्या वेळी मैत्रीने म्हातारीचा कान पकडला आणि म्हातारीचा आवाज हलला नाही. मग तिने श्रावस्तीला जवळ बसवलं, तिच्या कानाशी तोंड नेऊन संपूर्ण मंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला, सावकाश, एकेक शब्द ठेवत. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. शेवटी दोन्ही तळवे उघडून दाखवले. रिकामे. "खलास," ती म्हणाली. घरात राहून तिला आलेला तो एकुलता एक अरबी शब्द होता. मग भिंतीला टेकून बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

त्या खलासचा अर्थ श्रावस्तीला दुसऱ्या दिवशी लारिसाने सांगितला, तोही दारात उभ्याउभ्या.

"मम्मा तेरे को दे दिया."

"क्या?"

"मंतर. जो देता है, उसका पास फिर नहीं रहता. चलता नहीं उसका हाथ से. छोटा उमर वाला को ही दे सकता है, वो भी एक को. मम्मा को उसका मौसी दिया था. मम्मा मेरे को देने वाला था, बीस साल पीछे लगा. मैं लिया नहीं." लारिसा खांदे उडवायला गेली, पण तिच्याने नीट उडवले गेले नाहीत. "कल से बहुत खुश है. रोता भी है. पागल है."

श्रावस्तीला हसू आवरेना. ते ती वर जाऊन हसली. भाषणाला शेवट मिळाला होता.

शुक्रवारचा हॉल भरला होता. बाबासाहेबांच्या फोटोला हार, समोर दीडशे माणसं, मागे पोरांचा कालवा. श्रावस्तीने म्हातारीचा चेहरा व्हिडिओतून कापून टाकला होता, म्हणजे दिसत होता रुमाल, हनुवटी, मैत्रीचे पाय आणि मागची भिंत. खिजरला सांगणार नाही असा शब्द दिला होता, आणि मराठी माणसांच्या सभेत खिजर कशाला येतोय?

ती छान बोलली. वडिलांच्या बहिणीचं सांगितलं, तेव्हा हॉल गप्प झाला. मग व्हिडिओ लावला आणि हॉल हशाने फुटला.

"बघा," ती म्हणाली, "आपल्याला वाटतं अंगारा-धुपारा आपलाच. नाही! गोऱ्यांकडेही भगत आहे, फक्त तो स्कर्ट घालतो. आपल्याकडे भूत बाभळीवर बसतं, त्यांच्याकडे रोगाला बाकायदा पत्ता द्यावा लागतो. नाहीतर तो म्हणे शेजाऱ्याकडे जातो. पिनकोड टाकत असतील!"

टाळ्या. अनिरुद्ध सरसुद्धा हेल्मेट काढल्यासारखे हसत होते.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं. हा मंत्र दिला की देणारीची ताकद जाते. परवा तो तिने मला दिला. तेव्हा बंधूभगिनींनो, बहरीनमधली अधिकृत रशियन मांत्रिकीण आता मी आहे. कुणाची बेंबी असेल तर सांगा."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. घरी जाताना प्रबुद्ध गाडी चालवत होता. श्रावस्तीने विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं," तो म्हणाला. "पण लोकाइले हसवाले बुढीच भेटली का तुले?"

"मी विचारावर बोलली. माणसावर नाही."

"हो का," प्रबुद्ध म्हणाला आणि सिग्नलला थांबला.

व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर सरांनी कौतुकाने टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला, हे कुणालाच सांगता आलं नाही. सोमवारी तो एका हिंदी ग्रुपवर होता आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, बहरीन में रूसी चुड़ैल बच्चे को खाती है. मंगळवारी दुपारी खिजर जिना चढून वर आला.

दोन वर्षांत तो पहिल्यांदा वर आला होता. दारात उभा राहिला, नजर जमिनीवर, आणि फोन पुढे केला.

"ये मेरा घर है?"

श्रावस्तीने पाहिलं. रुमाल, हनुवटी, पाय. भिंतीवर चौकटीत मोती काढणाऱ्या जुन्या जहाजाचं चित्र, शिडासकट, स्वच्छ. सगळं कापताना ते तिला दिसलंच नव्हतं. मोजपट्टी धरून रोज बेंबीचा फोटो काढणाऱ्या बाईला.

"मेरा दादा का जहाज," खिजर म्हणाला. "एयरपोर्ट पर मेरे को मेरा दोस्त नजीब दिखाया. बोला, खिजर, ये तेरा मजलिस नहीं, बैठक का कमरा?"

"भाई, मैं डिलीट करवाती हूँ. मैंने सिर्फ हमारे ग्रुप में..."

"मफी फायदा. कुछ फायदा नहीं अब." तो चिडला नव्हता. चिडला असता तर श्रावस्तीला बोलता आलं असतं. "तुम मेरे को आके बोलता, खिजर, तुम्हारा सास ये करता है. मैं गुस्सा करता, दो दिन बात नहीं करता, फिर बात करता. अब सब सुन लिया. कल कोई कंप्लेंट करेगा, तो बुड्ढी औरत थाने में बैठेगा. क्या बोलेगा उधर? उसको 'खलास' छोड़के कुछ आता नहीं. इससे अच्छा अपना पैर से जाए."

"कहाँ जाएगी वो? वहाँ तो कोई..."

"मालूम है," खिजर म्हणाला आणि उतरला.

दोन दिवस श्रावस्तीने रजा टाकली. मैत्रीला खाली न्यायची सोय उरली नव्हती. दोन दिवस तिने स्वतःशी वाद घातला आणि प्रत्येक वेळी ती जिंकली. मंत्राने हर्निया बरा होत नाही, हे खरं. मुलाच्या पोटाला तोंड लावणं घाण; हेही खरं. भगताने आत्याला मारलं, खरं. खालून लाकडी पेटी ओढल्याचा आवाज आला की मात्र ती सगळी खरी वाक्यं कागदांसारखी हातात राहायची आणि कुणाला दाखवावीत, हे तिला कळायचं नाही.

शुक्रवारी दुपारी दोनला मॉस्कोचं विमान होतं. बाराला ती मैत्रीला कडेवर घेऊन खाली गेली. काय बोलायचं हे ठरवलं होतं, पण ते बोलायला लारिसाचं तोंड लागणार होतं.

अंगणात गाडी सुरू होती. ऊन असं की लोखंडी फाटकाला हात लागत नव्हता. तैसिया बाहेर आली ती गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या जाड काळ्या कोटात. गावाकडून येताना घातलेला, पेटीत न मावणारा. कपाळावरून घाम गालांवर ओघळत होता आणि ती तो पुसत नव्हती.

"लारिसा," श्रावस्ती म्हणाली, "मम्मा को बोलो, मेरी गलती है. मैंने..."

लारिसाने तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं गिऱ्हाइकांशी गोड बोलणाऱ्या त्या चेहऱ्यावर श्रावस्तीला ओळखीचं काहीतरी दिसलं. इतके दिवस ते तिच्या स्वतःच्या तोंडावर असायचं.

"मैं नहीं बोलूँगी," लारिसा म्हणाली. पहिल्यांदाच तिचं हिंदी व्याकरणासकट बरोबर आलं. "तेरे पास तो उसकी भाषा है ना अभी. तू बोल."

श्रावस्तीला रशियनमधलं एकच वाक्य आठवत होतं. काय कुरतडतेस?

तिने मैत्रीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

खिजरने पेटी गाडीत ठेवायला उचलली, तेव्हा म्हातारीने त्याला थांबवलं. पेटी खाली ठेवायला लावली आणि तिच्यावर बसली. लारिसाही पायरीवर बसली. अरीबा तिच्या शेजारी. खिजरने एकदा घड्याळ पाहिलं, मग तोही फाटकाजवळच्या दगडी कट्ट्यावर टेकला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. श्रावस्तीला वाटलं काहीतरी राहिलंय, कुणाची तरी वाट बघताहेत. मग लक्षात आलं, लांब निघणाऱ्या माणसाबरोबर घटकाभर बसायचं, असं काहीतरी असावं. हाही एक प्रकार. पुढे जागा होती पायरीवर. ती बसायला वाकली.

"तू नहीं," लारिसा म्हणाली. "घर का लोग बैठता है."

श्रावस्ती सरळ झाली. उन्हात उभी राहिली.

तैसियाने दोन्ही हात पुढे केले. मैत्री झेपावलीच. म्हातारीने तिला कोटावर बसवलं, सवयीने फ्रॉक वर करून दोन बोटांनी बेंबी चाचपली, जरा वेळ चाचपत राहिली, पण ओठ हलवले नाहीत. फ्रॉक नीट केला. मैत्रीने कोटाची वरची गुंडी तोंडात घातली आणि तीही शांत झाली.

ती चार माणसं आणि ते मूल असे बसून होते. गाडीचा एसी घरघरत होता. श्रावस्तीने रिकाम्या कडेवरचा हात काढला, पण तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना.